लिंबू न चालणारी तलवार

सोरहाया : म्हणजे तुम्ही मला सांगणारच नाही.

पुन्दातो : सांगणार. पण त्या घरचे प्रमुख, दातू सारिपादा आल्यावर, दोघांच्या समोर. ठरलंय तसं. एवढ्या लवकर यायलाच नको होतं तुम्ही, बाई. त्यांच्या माणसांनी बघितलं तर म्हणतील, लोहाराला आधीच फितवला.

सोरहाया : फितवायलाच आले आहे. लपवू कशाला? ऐका काका. तलवार त्यांची आहे म्हणा.

पुन्दातो : काय?

सोरहाया : त्यांची म्हणा, देऊन टाका, विषय संपवा. सहा वर्षं माझा नासिफ घराबाहेर पडलेला नाही. तेरा वर्षांचा होता, आता एकोणीसचा झाला. मिशी फुटली, आवाज फुटला, आणि तळं बघतो तो खिडकीच्या फटीतून. माणूस मारला त्याच्या मामाने, आणि सुडाच्या भीतीने कोंडून घ्यायचं याने! मला तलवार नको. मला माझा मुलगा अंगणात उभा राहिलेला बघायचाय.

पुन्दातो : आणि तुमचा भाऊ? तलवार त्यांची ठरली, तर कासानने कोणाला मारलं? स्वतःच्या बापजाद्यांची वस्तू उचलणाऱ्याला. कासान खुनी ठरला. तुमचे चुलतभाऊ ऐकून घेतील?

सोरहाया : आमची ठरली तर?

पुन्दातो : तर सारिपादाचा भाऊ चोर ठरला. मेलेला चोर. ते तो ऐकून घेईल?

सोरहाया : मग दोन्हीकडून आगच की.

पुन्दातो : म्हणून तर सुलतानाने हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलंय. या तळ्याकाठच्या जुन्या तलवारी पुन्दातोच्या हाताखालून गेल्यात, तेव्हा पुन्दातो सांगेल ते खरं. दोन्ही घरांनी कुराणावर हात ठेवून कबूल केलंय. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर एका पंगतीत जेवायचं आणि वैर मिटवायचं. रेडासुद्धा आणून बांधलाय म्हणे.

सोरहाया : त्या रेड्याइतकीच मी शांत आहे बघा.

पुन्दातो : आली वाटतं होडी. तिकडे सरकून बसा. आणि मगाचं बोलणं मी ऐकलेलं नाही.

सारिपादा : सलाम, पांडाय. बाई माझ्या आधी पोचल्या. छान.

सोरहाया : मी रस्त्याने आले. तळ्यात वारा असतो.

सारिपादा : वारा सगळीकडेच असतो.

पुन्दातो : वालैकुम सलाम, दातू. ते पिस्तूल उंबऱ्यावर ठेवा. मला पांडाय म्हणता ना, मग या लोहाराच्या छपराखाली पाहुण्यांची जबाबदारी माझी.

सारिपादा : ठेवलं. बाईंची पिशवी?

सोरहाया : बघा ना उघडून. चष्मा, रुमाल आणि सहावीच्या वह्या. शाळेत शिकवते मी, विसरलात वाटतं.

सारिपादा : विसरेन कसा? माझा भाऊ अमेरोल तुमच्याच वर्गात होता.

सोरहाया : ...होता.

पुन्दातो : कॉफी उकळतेय. घोट घोट घ्या दोघांनी.

सारिपादा : काम झाल्यावर.

सोरहाया : मीही नंतर.

पुन्दातो : बरं. एका गोष्टीवर एकमत झालं म्हणायचं. कुठे आहे तलवार?

सारिपादा : ही घ्या. सुलतानाच्या माणसाने गाठी मारून दिलीय, मी सोडलेल्या नाहीत. बाईंनी तपासून घ्यावं.

सोरहाया : गाठी ठीक आहेत.

पुन्दातो : अरे देवा! प्लास्टिकमध्ये? सहा वर्षं प्लास्टिकमध्ये? कोणा शहाण्याचं डोकं हे? लोखंडाला आत घाम फुटतो, त्याच घामात ते सडतं. आधी लढाईतले बॉम्ब, मग पाच महिने ढिगाऱ्याखाली, आणि त्यातून वाचली तर वर हे प्लास्टिक. मेलेल्या म्हशीची पण यापेक्षा बरी निगा राखतात. म्यान गेलंच. मूठ आहे. बघा, हात लावला की तांबडी भुकटी सुटते.

सोरहाया : मूठ आमचीच आहे. हस्तिदंताची, डाव्या अंगाला चीर. आणि पात्याला अकरा वळणं. आमच्या घरातलं एकही लग्न या तलवारीशिवाय झालेलं नाही. नवऱ्या मुलाच्या कमरेला मी दर वेळी बघितलीय. माझ्या नवऱ्याच्या कमरेलाही हीच होती, आणि तो तिला अडखळून पडला होता. ते मी कसं विसरेन?

सारिपादा : मुठीला कोण विचारतंय? मूठ बदलता येते. पांडाय, मुठीच्या खाली बघा. मूठ आणि पात्यामधला तो तुकडा, कंठ, पुसा जरा.

पुन्दातो : पुसतो.

सारिपादा : काय दिसतंय?

पुन्दातो : चांदी.

सारिपादा : किती ठिपके?

पुन्दातो : तीन.

सारिपादा : तीन. आता हा फोटो बघा. माझे पणजोबा. तारीख मागे लिहिलीय, १९३१. कमरेची तलवार अर्धी उपसून बसलेत, फोटोवाल्याने तसं बसवलं असणार. त्या तलवारीच्या कंठावर काय आहे? मोजा. बाईंनी पण मोजावेत, गणित चांगलं आहे त्यांचं.

सोरहाया : तीन... तीनच आहेत. पण मग तुमच्या घरी जी तलवार आहे ती कोणाची? ईदला मिरवता ना ती?

सारिपादा : तिच्यावर ठिपके नाहीत. वडिलांनी मरताना सांगितलं. म्हणाले, आपली तलवार कोणीतरी बदलली, कधी ते कळलं नाही. घराण्याची तलवार राखता आली नाही, हे चार माणसांत कोणत्या तोंडाने सांगणार? ते जन्मभर गप्प बसले. ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि अमेरोल.

सोरहाया : आणि म्हणून तो आमच्या अंगणात खणायला आला.

सारिपादा : कुठलं अंगण? तुमच्या आमच्या घरांची भिंत एक होती. लढाईनंतर सैन्याने घरं बघायला सोडलं, तेव्हा उरलं काय होतं? एकच ढिगारा. तो आमचे पत्रे काढत होता आणि हाताला ही लागली. चिखल पुसला तर तीन ठिपके. बापाची गोष्ट खरी निघाली! नाचला असेल तो. आणि वर बघतो तर तुमचा भाऊ उभा.

सोरहाया : कासानने काय बघायचं होतं? आमची मूठ, आमची अकरा वळणं, आणि ती हातात घेऊन पळणारा माणूस. हाक मारली त्याने. दोनदा मारली.

सारिपादा : आणि तिसऱ्यांदा गोळी.

सोरहाया : आणि आठवड्याने तुमच्या माणसांनी त्याचा पाय घेतला. गुडघ्यापासून. त्याचा हिशेब कोण—

पुन्दातो : पुरे! माझ्या भट्टीसमोर भांडू नका. असं करू या. गंज फार आहे, या अवस्थेत काही खात्रीने सांगता येत नाही. खोबरेलात भिजवून महिनाभर ठेवतो—

सारिपादा : महिना? रेडा बांधलाय, पांडाय.

पुन्दातो : घाईने बघितलं तर चुकेल.

सारिपादा : मनिलाच्या म्युझियममधल्या एका माणसाला मी हा फोटो दाखवला होता. तो म्हणाला, सोपं आहे. खरी जुनी तलवार असेल तर पातं आणि कंठ एकाच लोखंडाच्या घडीतून कापलेले असतात. लिंबू चोळा, लोखंडातल्या रेषा वर येतील, आणि पात्यातली रेषा कंठात शिरलेली दिसेल. मी त्याला म्हटलं, ते जमणार नाही. आमच्या तलवारीला लिंबू चालत नाही.

सोरहाया : तुमच्या?

सारिपादा : आमच्या. तीच तर खूण आहे. सगळ्या तळ्याकाठी आमच्या एकट्यांच्या तलवारीला लिंबू वर्ज्य आहे. लिंबू लागलं तर घरातला पुरुष आंधळा होतो.

सोरहाया : थांबा, थांबा. लिंबू आमच्या तलवारीला चालत नाही. मी आत्ता हेच सांगणार होते, पुरावा म्हणून! फक्त खोबरेल. लिंबू लागलं तर घरातला पुरुष आंधळा होतो. वडील दर ईदला बजावायचे.

सारिपादा : ऐकलंत कुठेतरी आमचं.

सोरहाया : मी तुमच्याकडचं कशाला ऐकू? दातू, सरळ विचारते. तुम्हाला हे कोणी सांगितलं?

सारिपादा : वडिलांनी.

सोरहाया : त्यांना?

सारिपादा : त्यांना... तलवार एकदा मूठ बसवायला दिली होती. परत आणली तेव्हा सांगितलं होतं.

सोरहाया : कोणी?

सारिपादा : पांडायने.

सोरहाया : आमच्याही वडिलांना पांडायनेच. काका?

पुन्दातो : प्रत्येक तलवारीचा स्वभाव असतो. माणसासारखाच. कोणाला आंबट बाधतं, कोणाला—

सोरहाया : आणखी कोणाच्या तलवारीला बाधतं?

पुन्दातो : आता सगळं आठवतंय थोडंच.

सोरहाया : माझ्या चुलतसासऱ्यांची तलवार गेल्या वर्षी याच चटईवर लिंबाने घासलीत. मी इथेच बसले होते. ती आमच्या तलवारीपेक्षा जुनी. कोणी आंधळं झालं नाही. उलट मोतीबिंदू निघाला त्यांचा.

सारिपादा : पांडाय, माझ्याकडे बघा. कॉफीकडे नको.

पुन्दातो : कॉफी उतू जातेय.

सारिपादा : जाऊ दे. परसात लिंबाचं झाड आहे तुमच्या, येताना बघितलं. बाई, चार लिंबं आणता का?

सोरहाया : आणते. पण पुरुष आंधळा झाला तर?

सारिपादा : एक पुरुष मातीत आहे, एक लंगडा आहे, एक खिडकीच्या आत. अजून काय व्हायचं राहिलंय?

सोरहाया : माझ्या नासिफचं... तुम्हाला माहीत आहे?

सारिपादा : तळ्यातून दिसते ती खिडकी. लिंबं आणा, बाई. आणि पांडाय, तुम्ही गरम पाण्याची फडकी काढा. मूठ पण शेकून उतरवायची. अख्खी तलवार उघडून बघायची आज.

पुन्दातो : दातू, नका. म्हाताऱ्याचं ऐका. मी तुमचा शब्द राखतो, तलवार तुमची म्हणतो. बाईंनाही तेच हवंय.

सारिपादा : बाईंना हेच हवंय? कसं काय?

सोरहाया : हो, हवं होतं. आता नको. आता मला बघायचंय, काका, की तुम्ही लिंबाला एवढे का घाबरता.

(तासाभराने. राळ सुटून मूठ निघाली आहे. चटईवर पातं एकीकडे आणि कंठाचा वेगळा तुकडा एकीकडे. दोन्हींवर लिंबाचा रस सुकत आलाय.)

सोरहाया : पात्यावर लाटा आहेत. लांब लांब, वारा नसताना तळ्यावर असतात तशा.

सारिपादा : आणि कंठावर?

सोरहाया : कंठावर नाहीत. तिथे बारीक दाणा आहे. तांदळाच्या कण्यांसारखा. हे एका घडीचं लोखंड नाही. हे मलासुद्धा दिसतंय, आणि मी शाळामास्तरीण.

सारिपादा : आत, जोडावर हे ओरखडे कसले?

पुन्दातो : कानशीचे.

सारिपादा : कोणी मारली कानस?

पुन्दातो : मी.

सोरहाया : काका...

पुन्दातो : बोलू द्या आता. सुरुवात केलीय तर पुरं होऊ द्या, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. चाळीस वर्षं झाली. वडील हजला गेले होते आणि भट्टी पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या ताब्यात होती. सत्तावीस वर्षांचा होतो, अंगात मस्ती. एकाच महिन्यात दोन लग्नं निघाली, एक तुमच्या घरात, एक यांच्या. दोन्ही तलवारी मुठी नव्याने बसवायला आल्या. वडिलांचा एकच नियम होता : एका चटईवर दोन तलवारी उघडायच्या नाहीत. एक मिटव, मग दुसरी उघड. आजोबांचा पण तोच. मला वाटलं, म्हाताऱ्यांची खुळं. राळ एकदाच वितळवली, दोन्ही एकदमच उघडल्या.

सोरहाया : आणि कंठ बदलले.

पुन्दातो : बसवताना कंठ नीट बसेना. बाई, कंठ बसला नाही तर तो त्या पात्याचा नसतो. हे आमच्यात शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी म्हटलं, गंजाने फुगला असेल. कानस मारली आणि बसवला. दुसराही तसाच. राळ थंड झाली, मग दारात उजेडात नेऊन बघितलं. चांदीचे तीन ठिपके भलत्याच तलवारीवर!

सारिपादा : तेव्हाच कळलं होतं?

पुन्दातो : तेव्हाच.

सारिपादा : म्हणजे चूक नव्हती ती.

पुन्दातो : सकाळपर्यंत चूक होती. सकाळी तुमच्या वडिलांची माणसं पायरीवर आली, मी तलवार कापडात गुंडाळून दिली. तिथून पुढे ती चूक राहिली नाही.

सोरहाया : पुन्हा उघडता आली नसती? रात्रीतून?

पुन्दातो : आली असती.

सारिपादा : किती वेळ लागला असता?

पुन्दातो : आत्ता लागला तेवढाच.

सारिपादा : एक तास.

पुन्दातो : पण त्यांना सांगावं लागलं असतं, जरा थांबा, चुकलंय. पुन्दातोच्या पोराने दोन घराण्यांचे वारसे घोटाळून ठेवले, असं सगळ्या तुगाया गावाने म्हटलं असतं. वडील हजहून येऊन कोणत्या तोंडाने भट्टी पेटवणार होते? मी भ्यालो. आणि भ्यालेला माणूस हुशारी करतो. लिंबू लागलं की रेषा दिसणार, म्हणून दोन्ही घरांना सांगितलं, लिंबू चालत नाही.

सोरहाया : आम्ही ते पोरांना शिकवलं. पूर्वजांची आज्ञा म्हणून! आणि आमची आत्या म्हणायची, आपल्या कंठावर नेच्याची वेल होती, ती कुठे गेली? आम्ही तिला वेडी ठरवली. शेवटची चार वर्षं कोणी बोलत नव्हतं तिच्याशी.

सारिपादा : नेच्याची वेल आमच्या घरी आहे. आमच्या पात्यावर बसवलेल्या कंठावर. म्हणजे हे पातं बाईंचं आणि कंठ आमचा.

पुन्दातो : हो.

सारिपादा : म्हणजे अमेरोलने ओळखली ती आमचीच होती.

पुन्दातो : हो.

सोरहाया : आणि कासानने ओळखली ती आमचीच.

पुन्दातो : हो. दोघंही खरे होते, खोटा मी एकटाच. ...जरा हात बाजूला घ्या, बाई. रस धुऊन खोबरेल लावू द्या, नाहीतर आंबट लोखंड खाईल.

सारिपादा : तुम्ही अमेरोलच्या मयताला आला होतात.

पुन्दातो : आलो होतो.

सारिपादा : खांदा दिलात.

पुन्दातो : दिला.

सारिपादा : एका तासासाठी.

सोरहाया : दातू, उंबऱ्याकडे बघू नका.

सारिपादा : बघू दे. बघण्याने गोळी सुटत नाही.

पुन्दातो : उद्या पंगतीआधी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. जे यायचं ते माझ्या घरावर येईल, मला ठाऊक आहे. फक्त माझ्या एकट्यावर घ्या. माझी पोरं, नातवंडं, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांचा काय दोष?

सोरहाया : हेच मी नासिफबद्दल सहा वर्षं विचारतेय, काका. तुम्ही ऐकत होतात. दर वेळी मान हलवायचात.

पुन्दातो : हलवायचो.

सोरहाया : मला तुमचा इतका राग आलाय, की तो ठेवायला जागा नाही. शिव्यासुद्धा आठवत नाहीत. मुलांना शिकवताना सांगत आले, पुन्दातोकाकांसारखे व्हा, एक काम धरा आणि जन्मभर चोख करा!

पुन्दातो : काम चोख केलं, बाई. एक सोडून.

सारिपादा : उद्या नाही.

पुन्दातो : काय म्हणालात?

सारिपादा : उद्या पंगतीत सांगा, सुलतानाला सांगा, सगळ्या तळ्याला सांगा. पण आधी आज. माझ्या आईला. ती रोज मला एकच विचारते. अमेरोल चोर होता का? मी म्हणतो, नव्हता. ती म्हणते, तू भाऊ आहेस, तू असंच म्हणणार. तिच्यासमोर बसून तुमच्या तोंडाने सांगायचं. माझ्या नाही. आता उठा.

पुन्दातो : आत्ता?

सारिपादा : तिचे डोळे गेलेत, कान आहेत अजून. आत्ता.

पुन्दातो : आणि मग माझ्या पोरांचं—

सारिपादा : ते मी सांगू शकत नाही. मला अजून माझंच कळत नाही. उठा.

पुन्दातो : उठतो. हे पातं तेवढं फडक्यात... कापडी फडक्यात गुंडाळा, बाई. कंठ वेगळा ठेवा. दोन्ही तलवारी जोडायच्या आहेत परत, माझे हात चालताहेत तोवर. एकेक करून.

सोरहाया : गुंडाळलं. दातू, मीही येते.

सारिपादा : तुम्ही? आमच्या घरी? तुमच्या भावाने—

सोरहाया : माझ्या भावाने मारलं, म्हणूनच. त्याला चोर काही काकांनी म्हटलं नव्हतं. आम्ही म्हटलं होतं. माझ्या वर्गातला मुलगा होता तो, वही विसरला तर रडायचा, आणि मी पोलिसांसमोर, सुलतानासमोर चोर म्हटलं. ते आईंना मला सांगायचंय.

सारिपादा : आमची माणसं आहेत होडीवर.

सोरहाया : असू देत. पिस्तूल विसरलं तुमचं, उंबऱ्यावर.

सारिपादा : राहू दे तिथेच.

पुन्दातो : चला. भट्टी विझवलीय.

सारिपादा : पायरीवर शेवाळ आहे, बाई. जपून उतरा.